शेवटचा तपासनीस तुम्हीच : परदेशी बनावटीची मॉडेल रेल्वे घेताना

मॉडेल रेल्वेचं नवं इंजिन घरी आलं की त्याच्यासोबत एक न सांगितलेलं कामही येतं. कारखान्यात राहून गेलेली तपासणी आपल्याला पुरी करायची असते. दीड-दोनशे पौंड मोजून घेतलेलं इंजिन वळणावर रुळावरून उतरतं. पुढचा दिवा लागतो, मागचा लागत नाही. कपलर इतका लोंबतो की सांध्यावर जाऊन अडकतो. कधी डबा उघडताच बफर, पायऱ्या, ब्रेकचे पाइप असे बारीक भाग तळाशी सांडलेले दिसतात.

इंग्लंड-अमेरिकेतला छंदी माणूस अशा वेळी दुकानात जाऊन नग बदलून आणतो. पुण्या-मुंबईत बसून तेच करायचं तर परत पाठवण्याचा खर्च, कस्टम्सचे कागद आणि लांबलचक वाट पाहणं आलं. म्हणून दोष वेळेवर आणि नेमका ओळखता येणं आपल्याकडे जास्त गरजेचं आहे. दोष कुठून येतात, आल्या दिवशी ते कसे शोधायचे आणि सापडल्यावर काय घरी करायचं, काय परत पाठवायचं, हे इथे क्रमाने पाहू.

माल बनतो कुठे?

डब्यावरचं नाव इंग्लिश किंवा अमेरिकन असलं तरी आतलं इंजिन बहुधा दक्षिण चीनमधल्या कारखान्यात जुळवलेलं असतं. बाखमान ही मूळची फिलाडेल्फियाची कंपनी हाँगकाँगच्या केडर उद्योगाने १९८७ मध्ये विकत घेतली. हॉर्नबीने इंग्लंडमधल्या मार्गेटचं उत्पादन १९९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने चीनला हलवलं. सांडा कान हा चीनमधला ठेकेदार तर एके काळी हॉर्नबी, लायोनेल, मार्कलिन अशा बाजारातल्या प्रतिस्पर्ध्यांचा माल एकाच वेळी बनवत होता. २००८ मध्ये सांडा कानही केडरच्या ताब्यात गेला आणि बऱ्याच कंपन्यांवर आपले साचे उचलून दुसरा कारखाना शोधायची पाळी आली.

यातून ग्राहकाने घ्यायचा धडा असा, की नुसत्या ब्रँडवर विसंबू नये. एकाच ब्रँडची दोन इंजिनं दोन वेगळ्या कारखान्यांतून आलेली असू शकतात. एकाच नावाचं मॉडेल पाच वर्षांनी पुन्हा काढलं, तर साचा तोच पण जुळणी करणारे हात, मोटर आणि सर्किट बोर्ड वेगळे असू शकतात. चौकशी करताना ‘ही कंपनी कशी आहे?’ असं विचारण्यापेक्षा ‘या मॉडेलची या वर्षीची बॅच कशी आहे?’ असं विचारावं.

उत्पादन परदेशी नेलं की दर्जा घसरतो, अशी तक्रार चीनच्याही आधीची आहे. अमेरिकेच्या लायोनेलने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपलं काम मिशिगनमधून मेक्सिकोतल्या तिहुआनाला नेलं. माल वेळेवर मिळेना, दर्जाबद्दल ओरड झाली आणि काही वर्षांतच उत्पादन पुन्हा मिशिगनला आणावं लागलं. पुढे २००० नंतर तीच कंपनी चीनकडे वळली. जर्मनीच्या मार्कलिनने मात्र २००९ च्या दिवाळखोरीतून सावरताना ग्योपिंगेनचा कारखाना आणि हंगेरीतल्या ग्योरचा कारखाना हाच आपला कणा ठेवला. जपानची काटो आजही मायदेशीच माल बनवते आणि तिच्या इंजिनांचं सुरळीत चालणं छंदी लोकांत वाखाणलं जातं.

पण उत्तम चालणारी असंख्य मॉडेलं चीनमधूनच येतात, हेही तितकंच खरं. खरी अडचण या धंद्याच्या आकारात आहे. एका रंगसंगतीचे काहीशे ते काही हजार नग काढायचे असतात. प्रत्येकात शंभरावर भाग, त्यातले बरेचसे चिमट्याने उचलून हाताने बसवायचे. जुळणी करणाऱ्याचा हात बसतो न बसतो तोच ती बॅच संपते आणि टेबलावर दुसरं मॉडेल येतं. चिनी नववर्षाच्या लांब सुट्टीनंतर कामगारही मोठ्या संख्येने बदलतात. मोबाइल फोनच्या कारखान्यात लाखो नगांमागे तपासणीची यंत्रणा उभारणं परवडतं. हजार इंजिनांमागे परवडत नाही. मग काही नग निवडून चालवून पाहायचे, बाकीचे खोक्यात भरायचे आणि उरलेली तपासणी ग्राहकावर सोडायची, असा व्यवहार पडतो.

दोषाची जात आधी ओळखा

दोष दिसला की लगेच बदली मागायची घाई करू नका. आधी त्याची जात ठरवा, कारण उपाय तिच्यावर अवलंबून आहे.

पहिली जात डिझाइनच्या दोषाची. बोगी वळायला पुरेशी जागाच सोडलेली नाही, वजन सगळं पुढे आहे, दिव्यांचं सर्किट चुकीचं आखलंय. असा दोष त्या बॅचच्या प्रत्येक नगात असतो. इथे शितावरून भाताची परीक्षा चालते : दुसऱ्या कुणाच्या नगात तेच दिसलं, तर बदलून घेण्यात अर्थ नाही. पैसे परत घ्या, नाहीतर कंपनी सुधारित भाग देते का ते पाहा.

दुसरी जात जुळणीच्या दोषाची. सोल्डरिंगचा डाग नीट बसलेला नाही, तार स्क्रूखाली चेमटली, चाकं ॲक्सलवर पुढेमागे बसली, गिअरमध्ये ग्रीसचा गोळा राहिला. हा तुमच्याच नगाचा दोष. शेजाऱ्याचं इंजिन उत्तम चालतं म्हणून तुमचं चालेलच असं नाही, आणि उलटही तितकंच खरं. इथे बदली मागणं किंवा घरी दुरुस्ती करणं, दोन्ही शहाणपणाचं.

तिसरी जात सामग्रीच्या दोषाची. हा आल्या दिवशी दिसतच नाही. धातूच्या मिश्रणातली अशुद्धता किंवा प्लॅस्टिकच्या गिअरवरचा ताण वर्षांनंतर उघडा पडतो. वॉरंटी तोवर संपलेली असते, म्हणून जुनी मॉडेलं विकत घेताना याच दोषाला सर्वांत जास्त जपायचं.

चौथी जात वाहतुकीच्या इजेची. कारखान्याने काम चोख केलेलं असतं. खोकं कुठेतरी उंचावरून आदळलेलं असतं. ही तक्रार विक्रेता आणि कुरिअरकडे करायची, तीही लगेच.

मागवण्यापूर्वी

नवं मॉडेल बाजारात आल्याबरोबर पहिल्याच दिवशी घेण्याचा मोह होतो. बॅच लहान असल्याने ‘संपलं तर?’ ही भीतीही खोटी नसते. तरी शक्य असेल तर काही आठवडे थांबा. तेवढ्यात आधी घेतलेल्यांचे अनुभव कळतात आणि डिझाइनचा दोष असेल तर तो हमखास बाहेर येतो.

सुटे भाग मिळतात का, हे किंमतीइतकंच महत्त्वाचं समजा. ज्या मॉडेलचा भागांचा नकाशा कंपनी देते आणि चाकं, गिअर, मोटर वेगळी विकते, ते मॉडेल दहा वर्षांनीही चालतं ठेवता येतं. मागवतानाच त्या इंजिनाचा ॲक्सल-गिअरचा एक संच आणि कपलरची एक जोडी सोबत घ्या. पाठवणावळ एकदाच पडते.

डिजिटल नियंत्रणाचं, म्हणजे डीसीसीचं इंजिन हवं असेल तर शक्यतो ‘डीसीसी रेडी’, म्हणजे आत सॉकेटची सोय असलेलं घ्या आणि डीकोडर, म्हणजे डिजिटल आज्ञा वाचणारी चिप, वेगळा बसवा. आवाजासह सगळं आत बसवून आलेल्या इंजिनात बिघाड झाला, तर दोष मोटरचा, तारेचा की डीकोडरचा हे शोधताना नाकी नऊ येतात. रेडी इंजिन आधी साध्या डीसीवर चालवून पाहता येतं.

वीज विसरू नका. जपानी बाजारासाठीचा पॉवर पॅक १०० व्होल्टचा, अमेरिकन १२० व्होल्टचा. आपल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमध्ये तो सरळ खुपसला तर धूर निघेल आणि त्याला उत्पादनाचा दोष म्हणता येणार नाही. ॲडॉप्टरच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असा पल्ला छापलेला आहे का, ते पाहूनच लावा.

आणि खर्चाचा हिशोब पूर्ण करा. चालती मॉडेलंही सीमाशुल्काच्या तक्त्यात खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरचं मूळ आयात शुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर आणि २०२३ मध्ये ७० टक्क्यांवर नेण्यात आलं. त्यावर इतर कर वेगळे. मागवण्याच्या दिवशीचा दर तपासा आणि बदली नग आला तर त्यावर पुन्हा शुल्क लागू शकतं हेही धरून चाला. लहानशा दोषासाठी बदली मागणं इथून क्वचितच परवडतं.

आल्या दिवशीची तपासणी

पार्सल आल्यावर पहिले दोन-तीन दिवस महत्त्वाचे. परतीची मुदत डिलिव्हरीपासून धावू लागते. ‘सुट्टीत निवांत उघडू’ म्हणून खोकं कपाटात ठेवलं, तर हक्क तिथेच झोपतो. खाली दिलेला क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरी पुढच्या पायरीतला गोंधळ टाळते.

१. खोकं बाहेरून पाहा. कोपरे चेपलेत का, कस्टम्सने उघडून पुन्हा टेप लावलीय का, याचे फोटो काढा. टेप कापण्यापासून इंजिन बाहेर काढेपर्यंतचा सलग व्हिडिओ घ्या. कुरिअरशी वाद झाला तर तोच उपयोगी पडतो.

२. गुंडाळलेला कागद आणि फोम फेकण्यापूर्वी पांढऱ्या कागदावर झटका. सुटून पडलेला आरसा किंवा कठड्याची दांडी हाती लागते. पडलेल्या भागाचं टोक भिंगाखाली पाहा. टोकाला गोंदाचा माग असेल तर तो नीट चिकटला नव्हता. टोक तुटल्यासारखं खडबडीत असेल तर आदळआपट झालीय.

३. इंजिन जाड काचेवर किंवा आरशावर ठेवा. सगळी चाकं टेकतात का? एखादं अधांतरी राहत असेल तर चेसिस वाकलेलं आहे किंवा बोगी अडकतेय. दोन्ही टोकांनी कपलरची उंची गेजशी ताडून पाहा. एचओ मापासाठी केडी कंपनीचं उंची मोजायचं गेज मिळतं; ते नसेल तर तुमच्या चांगल्या चालणाऱ्या डब्याचा कपलर समोर धरा.

४. चाकांमधलं आतलं अंतर मोजा. रुळावरून घसरण्याच्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा इथे सापडतं. एचओ आणि ओओ या दोन्ही मापांत रुळांमधलं अंतर १६.५ मिमी असतं आणि चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर १४.४ मिमीच्या आसपास हवं. एन मापात रूळ ९ मिमी आणि चाकं ७.४ मिमीच्या आसपास. डिजिटल व्हर्नियर पाठींमध्ये अलगद उघडा, चाक फिरवून तीन ठिकाणी मोजा. तिन्ही आकडे वेगळे आले तर चाक ॲक्सलवर तिरकं बसलंय. नेमकी मर्यादा हवी असेल तर अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनचं पत्र्याचं गेज वापरा. १९३५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने चाक आणि रुळाची मापं ठरवून दिली, म्हणूनच एका कंपनीचं इंजिन दुसऱ्या कंपनीच्या रुळावर धावू शकतं. युरोपीय मॉडेलांसाठी एनईएम मानकं आहेत. दोन्हींत थोडा फरक असतो, तेव्हा डब्यावर जे मानक लिहिलंय त्याच्याशीच ताडा.

५. वाफेचं इंजिन असेल तर डाव्या-उजव्या चाकांचे क्रँक एकमेकांशी ९० अंशांत आहेत का, ते प्रत्येक ॲक्सलवर पाहा. एका ॲक्सलवरही हा कोन हलला तर जोडदांडा प्रत्येक फेऱ्यात एकदा आवळतो आणि इंजिन लंगडत चालतं. घाईच्या जुळणीत हा दोष राहून जातो आणि घरी योग्य साधनाशिवाय दुरुस्त होत नाही. असा नग परत पाठवणंच बरं.

६. वीज देण्यापूर्वी मल्टिमीटर लावा. डीसीसी रेडी इंजिनाचा आतला प्लग काढा आणि डाव्या-उजव्या चाकांवर मीटर धरा. बीप वाजला तर आत शॉर्ट आहे. पुढे जाऊ नका. मग वीज उचलणारं प्रत्येक चाक आणि प्लगच्या सॉकेटमधला त्या बाजूचा बिंदू असं तपासा. इथे मात्र बीप वाजायलाच हवा. एखाद्या चाकावर तो येत नसेल तर वीज उचलणारी पट्टी चाकाला टेकत नाही किंवा डाग सुटलाय.

७. आता रूळ. सरळ, सपाट, स्वच्छ पुसलेला मीटरभर रूळ घ्या, तुमचा अख्खा लेआउट नको. डीसीवर सर्वांत कमी वेगाने सुरू करा. दोन्ही दिशांनी चालवा, दिवे पाहा, आवाज ऐका. नंतर माहितीपत्रकात जेवढा वेळ सांगितलाय तेवढा, सहसा प्रत्येक दिशेने अर्धा तास, रिकामं फिरवा. इंजिनाचं अंग कोमट झालं तर चिंता नाही. हात लावता येईना इतकं तापलं तर थांबवा. डीसीसीचं असेल तर डीकोडर बसवून आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर ठेवा. तिथे प्रवाह मर्यादित असल्याने आतला शॉर्ट डीकोडर जाळत नाही. कारखान्यातून येणारा पत्ता ३ असतो. तो वाचला गेला म्हणजे निम्मी परीक्षा पास.

८. सगळ्यात शेवटी वळण. माहितीपत्रकात किमान त्रिज्या दिलेली असते. तुमचं वळण त्याहून आवळ असेल आणि इंजिन घसरलं, तर दोष त्याचा नाही. त्याच जागी तुमची आणखी दोन इंजिनं चालवून पाहा. तीही उडी मारत असतील तर रुळाचा सांधा तपासा.

दोन दोष जवळून

एचओ डिझेल इंजिनांत फार गाजलेला दोष म्हणजे फुटका ॲक्सल-गिअर. लाइफ-लाइक कंपनीच्या प्रोटो २००० मालिकेतली इंजिनं दिसायला सुरेख होती, पण त्यांतल्या बऱ्याच इंजिनांचे गिअर काळाने फुटले. धातूच्या अर्ध्या ॲक्सलवर प्लॅस्टिकची गिअरची नळी दाबून बसवलेली असते. नळीचं भोक किंचित अरुंद असेल, तर प्लॅस्टिकवर कायमचा ताण राहतो. प्लॅस्टिक जुनं होतं, थोडं आकसतं आणि दोन दातांच्या मधोमध केसाएवढी चीर पडते. ती चीर उघडली की त्या दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि त्याला फिरवणारा शेजारचा गिअर तिथे येताच उडी मारतो.

कान दिला तर हा दोष ऐकूनच कळतो. ‘टक्’ आवाज चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येतो. वेग वाढवला की टकटक त्याच प्रमाणात वाढते. मोटरची घरघर अशी चाकाशी जोडलेली नसते. खात्रीसाठी इंजिन उलटं करून फोमच्या पाळण्यात ठेवा, बोगीचं खालचं झाकण काढा आणि चाक बोटाने हळू फिरवत गिअर भिंगाखाली पाहा. दातांच्या तळाशी काळी रेघ दिसली की निदान झालं. गोंद लावून ही चीर सांधण्याचा प्रयत्न करू नका. ताण तसाच राहतो आणि ती पुन्हा उघडते. एक गिअर फुटला तर त्याच वयाचे बाकीचेही रांगेत उभे असतात, म्हणून सगळे एकदम बदला.

दुसरा दोष धातूचा. चेसिस आणि वजनासाठीचा ठोकळा जस्ताच्या मिश्रधातूचा, साच्यात ओतलेला असतो. त्या जस्तात शिसं, कथील किंवा कॅडमियमचा अंश राहिला, तर धातू आतल्या आत, कणाकणांच्या सीमांवरून गंजत जातो. आधी फुगतो, मग तडकतो, शेवटी भुगा होतो. १९२३ च्या सुमारास हा प्रकार लक्षात आला आणि १९२९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने ९९.९९ टक्के शुद्ध जस्तावर आधारलेले झामाक मिश्रधातू काढले. उपाय जवळपास शंभर वर्षांपूर्वीच सापडला, तरी स्वस्त किंवा भेसळीचा धातू एखाद्या कारखान्यात शिरला की तो रोग परत येतो. हॉर्नबीच्या क्लास ३१ डिझेलच्या चीनमध्ये बनलेल्या नगांत चेसिस असं फुगल्याची तक्रार इंग्लंडमध्ये सर्वज्ञात आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी, विशेषतः मुंबई आणि कोकणपट्टीवर राहणाऱ्यांनी, या दोषाकडे जास्त लक्ष द्यावं. उष्णता आणि दमट हवा या गंजाला वेग देतात. चांगल्या धातूला पावसाळा काही करत नाही. सदोष धातूची आयुष्यरेषा मात्र आखूड होते. वापरलेलं जुनं इंजिन घेताना विक्रेत्याकडून कवच काढलेल्या चेसिसचे फोटो मागा. कडांवर बारीक तडे, पृष्ठभागावर फोड, करडी भुकटी, कवचाच्या मधोमध आलेला फुगवटा, किंवा कवच निघतच नाही अशी सबब, यातलं काहीही असेल तर स्वस्तातही घेऊ नका. घरातल्या संग्रहातलं प्रत्येक इंजिन वर्षातून एकदा, पावसाळा सरल्यावर, काचेवर ठेवून सपाट बसतंय का ते पाहा. डब्यांत सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंगाला चिकटणारा जुना फोम काढून टाका.

घरी काय करावं, काय करू नये

चाकांचं अंतर चुकलं असेल तर दोन्ही चाकं धरून किंचित पिळत आत किंवा बाहेर सरकवता येतात. सरळ ओढू नका, ॲक्सल वाकतो. वीज उचलणारी पट्टी चिमट्याने हलकेच चाकाकडे वळवली की बंद पडणारं इंजिन बऱ्याचदा चालू लागतं. कपलर लोंबत असेल तर खाली पातळ वॉशर सरकवा. सुटा डाग पुन्हा द्यायला बारीक टोकाचा सोल्डरिंग आयर्न आणि दोन सेकंदांचा स्पर्श पुरतो. जास्त धरला तर शेजारचं प्लॅस्टिक वितळतं.

सुटलेला भाग चिकटवताना सुपरग्लू खिडक्यांजवळ वापरू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरट डाग सोडते आणि तो निघत नाही. तिथे लाकडाचा पांढरा गोंद ठीक. तेल प्लॅस्टिकला चालणारंच, आणि सुईच्या टोकावर मावेल इतकंच. कारखान्यातून येणाऱ्या इंजिनांत ग्रीस कमी असण्यापेक्षा अती असल्याची उदाहरणं जास्त दिसतात; ती पुसून काढली तरी आवाज निवळतो.

याउलट मोटर, डीकोडर, वाकलेलं चेसिस, क्रँकचा चुकलेला कोन आणि छपाईतली चूक यांना घरी हात लावू नका. आणि महत्त्वाचं म्हणजे, स्क्रू फिरवण्यापूर्वी विक्रेत्याला कळवा. उघडलेल्या इंजिनाची वॉरंटी नाकारली जाऊ शकते. ‘हे मी स्वतः दुरुस्त केलं तर चालेल का?’ असं विचारून होकार लेखी घेतला, तर पुढे तुमचीच बाजू पक्की राहते. काही विक्रेते तर परत पाठवण्यापेक्षा सुटा भाग आणि थोडे पैसे परत देणं पसंत करतात, कारण इतक्या लांबून परत मागवणं त्यांनाही महाग पडतं. ही तडजोड स्वतःहून सुचवा.

तक्रार कशी लिहावी

‘इंजिन नीट चालत नाही’ एवढ्या वाक्यावर कुणालाच काही करता येत नाही. त्याऐवजी असं कळवा : सरळ रुळावर, डीसीवर, मंद वेगात पुढे जाताना चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा अडकतं; मागे जाताना अडकत नाही; दुसरी इंजिनं त्याच रुळावर सुरळीत चालतात; तिसऱ्या ॲक्सलचं आतलं अंतर १३.९ मिमी आहे. सोबत डब्यावरचा मॉडेल क्रमांक, खरेदीची तारीख, डिलिव्हरीची तारीख, दोन फोटो आणि अर्ध्या मिनिटाचा व्हिडिओ. शेवटी तुम्हाला काय हवं ते एका ओळीत : बदली, सुटा भाग की पैसे.

माल भारतातल्या विक्रेत्याकडून घेतला असेल तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. ऑनलाइन विक्रीत वस्तू कोणत्या देशात बनली हे सांगणं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनी बंधनकारक केलंय. आयातदाराचं नाव-पत्ता असलेलं लेबल जपून ठेवा. विक्रेता दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग आहेच. परदेशी दुकानातून क्रेडिट कार्डावर घेतलं असेल तर बँकेकडे चार्जबॅकची मुदत आधीच विचारून ठेवा.

इंग्लंडमध्ये राहणारा भाऊ, बहीण किंवा भाचा येताना इंजिन घेऊन येणार असेल, तर त्यांना एक विनंती आवर्जून करा : विमानात बसण्यापूर्वी वरची तपासणी तिथेच करा. ऑनलाइन खरेदी कारण न देता रद्द करायला तिथे १४ दिवस मिळतात आणि २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याप्रमाणे सदोष वस्तू ३० दिवसांत नाकारून पूर्ण पैसे परत घेता येतात. एकदा वस्तू सामानातून पुण्यात आली की हे हक्क कागदावर उरतात.

चांगलं चालणं ओळखायचं तर

दोष ओळखायला आधी निर्दोष इंजिन कसं चालतं ते कानात आणि डोळ्यांत बसायला हवं. पुण्यात कोथरूडला जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे. तिथे चालत्या गाड्या पाहताना मुलांना गंमत वाटते; तुम्ही मात्र वेग हळूहळू कसा वाढतो, सांध्यावरून जाताना डबे डुलतात की उडतात, वळणावर आवाज बदलतो का, याकडे लक्ष द्या. गावातल्या एखाद्या छंदी माणसाच्या घरी तासभर बसलात तरी तेवढंच शिकायला मिळतं.

आणि एक सवय लावून घ्या. प्रत्येक इंजिनासाठी वहीत एक पान ठेवा : मॉडेल क्रमांक, बॅचचं वर्ष, चाकांची मापं, पहिल्या दिवशी काय सापडलं, काय दुरुस्त केलं. दोष तुम्ही घरीच पाच मिनिटांत काढलात तरी त्याची नोंद कंपनीला कळवा. गुपचूप दुरुस्त केलेला दोष कारखान्याच्या लेखी घडलेलाच नसतो आणि पुढच्या बॅचमध्ये तो तसाच येतो. शंभर ग्राहकांनी एकाच ॲक्सलचं एकच चुकीचं माप लिहून पाठवलं, तर ते साच्यापर्यंत पोहोचायला वेळ लागेल, पण पोहोचेल.